अंतराळाचे तिकीट केवढ्याला?

मागे एका रविवारी वाक्वातल्या एका घरी सत्यनारायणाच्या पूजेचे आम्हांला बोलावणे होते. आरती झाली, प्रसाद झाला, बायका आत पानांच्या तयारीला लागल्या आणि पुरुषमंडळी व्हरांड्यात गप्पा मारीत बसली. तेवढ्यात घरचा आठ-नऊ वर्षांचा नातू आजोबांजवळ येऊन उभा राहिला. "आजोबा, टीव्हीवर दाखवले, एक गाणारी बाई रॉकेटात बसून वर जाऊन आली. ती काही अंतराळवीर नाही. मग आपल्यालाही तिकीट मिळेल का? केवढ्याला पडते?" सगळे हसले. आजोबाही हसले आणि म्हणाले, "बाळ, माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात विमानाची पायरी चढली नाही. मी पहिल्यांदा चढलो तेव्हा पन्नाशी उलटली होती. तुझे तू बघ." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पेपरात लिहिता ना, तुम्हीच सांगा याला."

आम्हांला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. "फार महाग असते" एवढे बोलून वेळ मारून नेली. पण मुलाचा प्रश्न खरा होता आणि तो मनातून जाईना. म्हणून घरी येऊन जुनी-नवी माहिती काढून बसलो. जे हाती लागले ते, वाचक बंधुभगिनींनो, आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

चंद्राच्या तिकिटाची जुनी गोष्ट

आपल्याला वाटते की ही हौस आजकालची आहे. तसे नाही. १९६८ च्या नाताळात अपोलो ८ या यानाने तीन माणसांसह चंद्राला प्रदक्षिणा घातल्या, आणि त्यानंतर अमेरिकेतील पॅन ॲम या नामांकित विमान कंपनीकडे लोक चंद्राच्या तिकिटाची मागणी करू लागले. कंपनीने ती मागणी थट्टेवारी नेली नाही. तिने चक्क नावनोंदणी सुरू केली. १९७१ पर्यंत ९३ हजारांवर लोकांनी नावे घातली आणि प्रत्येकाला क्रमांक घातलेले एक कार्ड मिळाले. कार्डाला पैसा पडत नव्हता. त्या रांगेत साधीसुधी माणसेच फार होती. पुढे चंद्रावर विमान काही गेले नाही. उलट १९९१ च्या डिसेंबरात पॅन ॲम कंपनीच बंद पडली. कार्डे मात्र लोकांनी जपून ठेवली.

पैसे मोजून अंतराळात जाण्याची खरी सुरुवात २००१ साली झाली. त्याआधी, १९८४ मध्ये, आपल्या भारताचे राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले होते, पण ते हवाई दलाचे वैमानिक आणि दोन सरकारांच्या कराराने गेलेले पाहुणे. २००१ च्या २८ एप्रिलला डेनिस टिटो हे साठ वर्षांचे अमेरिकन गृहस्थ रशियाच्या सोयुझ यानात बसले, ते स्वतःच्या खिशातून सुमारे दोन कोटी डॉलर मोजून. अमेरिकेच्या नासाचा त्यांच्या जाण्याला विरोध होता. पण रशियाला त्या काळी पैशांची निकड होती, त्यामुळे टिटो गेले, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले आणि आठवड्याभराने सुखरूप परतले. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ गेले. २००६ मध्ये इराणात जन्मलेल्या अनुशेह अन्सारी गेल्या. २००९ पर्यंत असे सात जण झाले, त्यांतले एक दोनदा गेले. सातही जण गडगंज श्रीमंत. सामान्य प्रवासी त्यांत एकही नव्हता.

प्रवाळापर्यंतची फेरी आणि समुद्रपार सफर

पुढचे समजण्यासाठी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. "अंतराळात जाऊन आलो" असे म्हणणारे सगळे एकाच ठिकाणी जात नाहीत. आपल्या बेटावरचाच दाखला घेऊ. एक माणूस होडीत बसून किनाऱ्यापासून बाहेरच्या प्रवाळाच्या रांगेपर्यंत जातो आणि तासाभरात परत येतो. दुसरा जहाजाने मुंबईला जातो. दोघेही समुद्रावर गेले हे खरे, पण दोन्ही प्रवास एका मापाने मोजता येणार नाहीत.

पहिल्या जातीचा प्रवास म्हणजे वर जाणे आणि लगेच खाली येणे. जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिन कंपनीचे न्यू शेपर्ड रॉकेट प्रवाशांना शंभर किलोमीटरच्या किंचित वर नेई. साऱ्या प्रवासाला दहा-अकरा मिनिटे लागत. त्यांतली तीन-चार मिनिटे माणूस आसनावरून सुटून पिसासारखा तरंगे. रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन गॅलॅक्टिकची तऱ्हा निराळी होती. एक मोठे विमान अंतराळयानाला पोटाखाली धरून सुमारे चौदा किलोमीटर उंच नेई, तेथे सोडी, आणि मग यानाचे इंजिन पेटून ते ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरांपर्यंत चढे. २०२१ च्या जुलैत ११ तारखेला ब्रॅन्सन आणि २० तारखेला बेझोस आपापल्या यानातून जाऊन आले, आणि जगभर बोलबाला झाला की आता अंतराळ सर्वांना खुले झाले.

दुसऱ्या जातीच्या प्रवासात यान पृथ्वीभोवती फिरत राहते. त्यासाठी ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग लागतो. वर जाऊन खाली येणाऱ्या यानाला साडेतीन हजारांच्या आसपास पुरतो. वेग आठपट, पण वेगाची ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणून ती चौसष्टपट. शिवाय परत येताना ही सारी ऊर्जा हवेच्या घर्षणात जिरवावी लागते, यान आगीच्या लोळातून खाली येते. म्हणूनच दोहोंच्या भाड्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०२२ च्या एप्रिलात ॲक्सिऑम कंपनीने तीन प्रवाशांना स्थानकावर नेले, तेव्हा माणशी साडेपाच कोटी डॉलर घेतल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या मॉरिशस रुपयांत ही रक्कम अडीचशे कोटींच्या घरात जाते.

सामान्य माणूस गेला तो कसा?

मग साधा माणूस कधी गेलाच नाही का? गेला. पण कसा गेला ते पाहण्यासारखे आहे.

२०२१ च्या सप्टेंबरात इन्स्पिरेशन ४ नावाची मोहीम झाली. चार जण स्पेसएक्सच्या यानातून तीन दिवस पृथ्वीभोवती फिरले, तेही स्थानकापेक्षा उंचावरून, सुमारे ५८५ किलोमीटरांवरून. चौघांपैकी एकही सरकारी अंतराळवीर नव्हता. सगळा खर्च जॅरेड आयझॅकमन या एका धनवंताने केला. हेली आर्सेनो या २९ वर्षांच्या तरुणीला लहानपणी हाडाचा कर्करोग झाला होता. ज्या इस्पितळात ती बरी झाली तेथेच ती नोकरीला होती, आणि इस्पितळाने तिचे नाव सुचवले. तिच्या पायात कृत्रिम सळई आहे. पूर्वीच्या नियमांनी तिला कोणी दारातही उभे केले नसते. क्रिस सेम्ब्रोस्की यांना तर सोडतही लागली नव्हती. त्यांच्या मित्राला लागली आणि मित्राने आपली जागा त्यांना दिली. शॉन प्रॉक्टर या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका स्पर्धेतून निवडल्या गेल्या.

दुसरी हकिकत आपल्यासारख्याच एका लहान बेटावरची आहे. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटाच्या केशा शाहाफ या बाई मुलीच्या व्हिसाच्या कामासाठी ब्रिटनला निघाल्या होत्या. विमानात त्यांनी एका सोडतीची जाहिरात पाहिली आणि नाव घातले. काही महिन्यांनी ब्रॅन्सन स्वतः त्यांच्या दारात बातमी घेऊन उभे. दोन जागा मिळाल्या होत्या. दुसरी त्यांनी मुलीला दिली. २०२३ च्या १० ऑगस्टला केशा आणि स्कॉटलंडमध्ये शिकणारी त्यांची अठरा वर्षांची मुलगी ॲनास्टेशिया मेयर्स एकाच यानातून अंतराळात गेल्या. मायलेकींनी मिळून जाण्याची ही पहिलीच वेळ. मुलीच्या व्हिसापायी विमानाने जाणारी आई आपल्या किती घरांत सापडेल, हे सांगायला नको. म्हणून ही बातमी आम्हांला घरची वाटली.

त्याच यानात तिसरे प्रवासी होते ऐंशी वर्षांचे जॉन गुडविन. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी होडी वल्हवली होती. त्यांनी तिकीट काढले होते २००५ साली! अठरा वर्षे ते वाट पाहत राहिले, मधल्या काळात त्यांना कंपवाताचा विकार जडला, तरी ते गेले.

अशीच वाट वॉली फंक आणि एड ड्वाइट यांनी पाहिली. १९६१ मध्ये फंक बाई अंतराळवीरांसाठी असलेल्या वैद्यकीय चाचण्यांत उत्तीर्ण झाल्या होत्या, पण नासा त्या काळी स्त्रियांना घेत नसे. साठ वर्षांनी, ८२ व्या वर्षी, बेझोस यांनी त्यांना आपल्या शेजारी बसवून नेले. ड्वाइट हे कृष्णवर्णीय वैमानिक. अंतराळवीर होण्यासाठी त्यांची तयारी करून घेण्यात आली होती, पण निवड झाली नाही. २०२४ च्या मे महिन्यात, नव्वदाव्या वर्षी, ते देणगीच्या पैशांतून गेले. योगायोग असा की त्याच फेरीत विजयवाड्यात जन्मलेले वैमानिक गोपीचंद तोटाकुरा हेही होते. ते भारताचे पहिले अंतराळ-पर्यटक.

या गोष्टी मनाला आनंद देतात यात शंका नाही. पण हिशेब केला तर काय दिसते? ज्यांना आपण सामान्य म्हणतो त्यांच्यापैकी बहुतेक जण सोडतीने, देणगीने किंवा कोणाच्या तरी मर्जीने गेले. आपल्या कमाईतून तिकीट काढणारा शिक्षक, नर्स किंवा बसचालक त्यांत आम्हांला आढळला नाही.

भाडे का उतरत नाही?

कोणी म्हणेल, विमानाचेही असेच नव्हते का? आपल्या बेटावर पहिले विमान १९३३ साली रेयुनियनहून येऊन मों-श्वाझीला उतरले. त्या वेळी कोणाला वाटले असते की आपली नातवंडे शिकायला, लग्नाला, तीर्थयात्रेला विमानाने ये-जा करतील? विमानाचे भाडे उतरले, मग रॉकेटाचे का उतरू नये?

मुद्दा रास्त आहे. पण विमानाचे भाडे आपोआप उतरले नाही. एकच विमान शेकडो माणसे घेऊन दररोज उडू लागले, त्याचा खर्च हजारो तिकिटांवर वाटला गेला, तेव्हा ते उतरले. न्यू शेपर्डमध्ये सहा जागा. व्हर्जिनच्या युनिटी यानात एका फेरीला तीन-चार प्रवासी आणि महिन्याकाठी जेमतेम एक फेरी. व्हर्जिनने पहिली तिकिटे दोन लाख डॉलरना विकली. मग भाव अडीच लाख झाला, २०२१ मध्ये साडेचार लाख, आणि पुढे सहा लाख. म्हणजे भाडे उतरायचे सोडून तिप्पट झाले. सहा लाख डॉलर म्हणजे आपले सुमारे पावणेतीन कोटी रुपये. महिना पंचवीस हजार मिळवणाऱ्याने एक पैसा न खर्चता सगळे साठवले, तरी त्याला नव्वद वर्षे लागतील.

त्यातच युनिटी २०२४ च्या जूनमध्ये शेवटची फेरी करून निवृत्त झाले आणि कंपनी नवी याने बांधायला बसली. ब्लू ओरिजिननेही २०२६ च्या जानेवारीत जाहीर केले की चंद्राच्या कामाला बळ देण्यासाठी न्यू शेपर्डच्या फेऱ्या किमान दोन वर्षे थांबवीत आहोत. जपानचे धनिक युसाकू माएझावा आठ कलावंतांना आपल्या खर्चाने चंद्राभोवती फिरवून आणणार होते. २०१८ मध्ये गाजावाजा झाला, २०२४ मध्ये बेत रद्द झाला. पॅन ॲमच्या कार्डाची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट.

आशेला जागा नाही असे मात्र नाही. पूर्वी रॉकेट एकदा वापरून समुद्रात टाकून देत. मुंबईला पोहोचल्यावर प्रत्येक वेळी जहाज मोडीत काढावे, तसाच तो प्रकार. २०१५ च्या डिसेंबरात स्पेसएक्सने फाल्कन ९ रॉकेटाचा खालचा, सर्वांत मोठा भाग जमिनीवर उभा उतरवून दाखवला आणि २०१७ पासून असे भाग पुन्हा वापरात आले. उपग्रह सोडण्याचा खर्च त्यामुळे खरोखर उतरला. माणसांच्या भाड्यापर्यंत तो फायदा अजून पोहोचलेला नाही. पण वाट दाखवली गेली आहे.

आणि समजा, उद्या रोज शंभर फेऱ्या होऊ लागल्या, तर? युनिटीचे इंजिन रबरासारखे इंधन जाळी, फाल्कन केरोसीन जाळते. त्यांची काजळी ढगांच्या वर जाऊन साठते. तेथे पाऊस नाही, म्हणून ती लवकर धुऊन जात नाही आणि उन्हाची उष्णता शोषीत राहते. आज फेऱ्या थोड्या, म्हणून भार थोडा. पण वाढता समुद्र आणि चक्रीवादळे ज्यांच्या दाराशी आहेत, त्या आपणा बेटवासीयांना हा हिशेब आजच विचारण्याचा हक्क आहे.

सही करण्यापूर्वी

आता सर्वांत महत्त्वाची बाब. विमानात बसताना आपण निर्धास्त असतो, कारण ते विमान सुरक्षित असल्याचा दाखला सरकारने दिलेला असतो. अंतराळयानाला तसा दाखला नसतो. अमेरिकेने २००४ साली कायदा केला, त्यात या लोकांना "प्रवासी" हा शब्दही लावलेला नाही; ते "सहभागी" ठरतात. धोका काय आहे आणि सरकारने हे यान सुरक्षित ठरवलेले नाही, हे कंपनीने त्यांना लेखी सांगायचे आणि त्यांनी समजून-उमजून सही करायची. जमिनीवरच्या लोकांना इजा होऊ नये हे सरकार पाहते. आत बसलेल्यांच्या सुरक्षिततेचे नियम करण्यावरची बंदी मात्र, काही अपवाद सोडता, वेळोवेळी लांबवत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आणली आहे. उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे, नियमांनी त्याची वाढ खुंटेल, असे त्याचे समर्थन केले जाते.

धोका कागदावरचा नाही. २०१४ च्या ३१ ऑक्टोबरला व्हर्जिनचे एंटरप्राइझ हे यान चाचणीच्या वेळी हवेतच तुटले आणि सहवैमानिक मायकेल ॲल्सबरी मृत्युमुखी पडले. एक कळ काही क्षण आधी ओढली गेली होती. चौकशीत असेही निघाले की एका माणसाच्या एका चुकीने असा अनर्थ होऊ शकतो याचा बंदोबस्त यान बनवणाऱ्यांनी केला नव्हता. उलट २०२२ च्या सप्टेंबरात न्यू शेपर्डचे रॉकेट वाटेत बिघडले, तेव्हा वरचा डबा आपोआप सुटून छत्र्यांनी खाली आला. त्या दिवशी आत कोणी नव्हते, पण बचावाची योजना कामाला आली. म्हणजे सुरक्षितता साधता येते. मात्र ती आधी योजावी लागते.

करार, सही आणि दूरचा प्रवास हे शब्द एकत्र आले की आपल्या मनात दुसरेच काही उभे राहते. आपले पणजे-खापरपणजे रत्नागिरी-साताऱ्याकडून मुंबई बंदरात आले आणि कित्येक आठवडे समुद्रावर काढून पोर्ट लुईला उतरले. त्यांच्याही भाड्याचे पैसे दुसऱ्याने भरले होते आणि त्यांनीही कागदावर निशाणी केली होती. कागदात काय लिहिले आहे ते किती जणांना वाचता येत होते? तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. ते पोटासाठी आले, हे हौसेने जातात. पण एवढे खरे की, समजून केलेली सही आणि न समजता केलेली निशाणी यांतला फरक आपल्या घराण्यांना कोणी शिकवायला नको.

मुलाला उत्तर

अंतराळ आपल्या बेटाला अगदीच परके आहे असेही नाही. भारताच्या अंतराळ संस्थेचे मागोवा घेणारे केंद्र १९८६ च्या करारानुसार आपल्याकडे उभे राहिले. श्रीहरिकोट्याहून उडालेले रॉकेट हिंदी महासागरावर येते तेव्हा येथून त्याची नाडी पाहतात. २०२१ च्या ३ जूनला मॉरिशसचा पहिला उपग्रह मिर-सॅट १ फ्लोरिडातून फाल्कन ९ रॉकेटाने स्थानकाकडे गेला आणि २२ जूनला तेथून मोकळा सोडण्यात आला. दहा सेंटिमीटरचा तो चौकोनी डबा. तीनच महिन्यांनी इन्स्पिरेशन ४ चे चौघे गेले ते त्याच जातीच्या रॉकेटाने आणि त्याच तळावरून. ब्रॅन्सन यांच्या शेजारी बसलेली, आंध्रात जन्मलेली सिरिशा बांदला तिकीट काढून गेली नव्हती. ती त्या कंपनीत नोकरी करणारी अभियंता होती. प्रयोग करण्याचे काम घेऊन गेली.

तेव्हा त्या मुलाला आता आम्ही असे सांगू. बाळ, तिकीट मिळते, पण आज ते आपल्या ऐपतीबाहेर आहे, आणि तू मोठा होईपर्यंत स्वस्त होईलच असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. सोडत लागली तर आनंदाने जा, मात्र आधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच आणि मगच सही कर. सोडतीच्या भरवशावर बसून मात्र राहू नकोस. गणित कर, यंत्रे उघडून पाहा. काम घेऊन जाणाऱ्याला तिकीट काढावे लागत नाही.

आणि ज्या दिवशी तू खरेच निघशील, त्या दिवशी निरोप द्यायला सारे घरदार येईल, हे आम्ही आजच लिहून देतो. प्लेझान्सला एकाला पोहोचवायला तीस जण जमतातच; रॉकेटाला काय, पन्नास जमतील.